सुईधारेवर जाण्याआधी

“म्हणजे जाऊच नये, असं म्हणणं आहे तुमचं?”

शाल्मलीनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कागद ओट्यावर पसरला.

चिंधूबाबा हसले. “मी कुठं काय म्हणलो, बाय?”

खरंच, ते काहीच म्हणाले नव्हते. तिला राग होता तो त्याचाच.

पौषातली सकाळ होती. खालचं खोरं धुक्यानं काठोकाठ भरलं होतं. झाडं नाहीत, रस्ता नाही, तिचं कॉलेज ज्या गावात होतं ते गावही नाही. त्या पांढऱ्या पाण्यातून तेवढी सुईधार वर आली होती. दोन डोंगरांना जोडणारी कातळाची पट्टी, जागोजागी एकच पाऊल मावेल एवढी अरुंद. तिच्यावर कोवळं ऊन होतं, आणि ती हळूहळू कुठंतरी निघाली आहे असं वाटत होतं.

तरुणपणी बाबांनी त्या धारेच्या कड्यांवर दोराला लटकून आग्यामोहोळं काढली होती. आता डोळे अधू झाले होते. तरी त्यांनी ‘जा’ म्हटल्याशिवाय वाडीतलं कुणी धारेवर पाऊल टाकत नसे. शाल्मलीला हे हास्यास्पद वाटे. पण तिच्या कॉलेजच्या चढाईच्या गटातले चौघंही अडून बसले होते, बाबा हो म्हणाले तरच येऊ. आणि ती दोन वर्षं या धारेसाठी झुरत होती.

“ऐका,” ती म्हणाली. “साडेसहाला निघायचं. दव वाळेपर्यंत गवताच्या उतारावर जायचं नाही. नऊला पहिला कातळ. अकरानंतर वारा वाढतो, त्याच्या आत पलीकडे. दोर साठ मीटर. पाणी प्रत्येकी तीन लिटर.”

“चांगलं हाय.”

“मग?”

“दोर कोण धरणार?”

“पुढे मी. मागून कुणीही धरेल. सगळे शिकलेत.”

“कुणीही…”

बाबा धुक्याकडे बघत राहिले.

“तुमचा कोण धरायचा?” तिनं जरा चिडूनच विचारलं.

“मेव्हणा. आमच्यात मेव्हणाच धरतो. बायकोचा भाऊ.”

“तोच का?”

“दोर सुटला तर त्याच्याच बहिणीचं कुंकू जातं.”

“म्हणजे जीव लावणारा माणूस हवा. कळलं.”

“जीव?” बाबांना हसता हसता खोकला आला. “सात वर्षं बोलणं नव्हतं आमचं. बांधावरनं भांडण. कड्यावर गेला की तेवढं तोंड उघडायचा, तेबी शिव्या द्यायला. दोर कुजलाय. मेख हलतीय. आज वारं वाईट हाय, चल घरी. तीनदा तर त्यानं मला खाली उतरूच दिलं नाय.”

“आणि तुम्ही ऐकून घेतलंत?”

“घेतलं. मध गेला ना माझा. लई राग यायचा.”

धुकं सरकलं. धार क्षणभर बुडाली आणि पुन्हा वर आली.

बाबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. त्यांना वाचता येत नव्हतं. बोट नावांवरून सावकाश खाली आलं आणि एका जागी थांबलं. तिथं पेन इतकं गिरवलं होतं की कागद फाटला होता.

“हे काय?”

“काही नाही. हेमांगी. काढून टाकलं तिला.”

“पाय लटपटतात?”

“छे. माझ्याहून चांगली चढते.” शाल्मली थांबली. “पण प्रत्येक गोष्टीत खोट काढते. परवा सगळ्यांसमोर म्हणाली, मागं कुठून फिरायचं ते तू लिहिलंच नाहीस. मला फिरायचंच नाही, तर लिहू कशाला?”

बाबांचं बोट त्या फाटलेल्या जागेवरून फिरत होतं.

“तिचं तोंडसुद्धा बघायचं नाही मला.”

…

ऊन वर चढत होतं. शाल्मलीला वाटलं, आपण तिथं पोचलोच आहोत. धारेच्या मधोमध, दोन्हीकडे पांढरं, आवाज कसलाच नाही. कमरेचा दोर मागं गेलेला. तिनं मनातल्या मनात वळून पाहिलं. दोर धुक्यात शिरला होता, आणि त्याच्या टोकाला कोण आहे ते दिसत नव्हतं.

ती दचकून ओट्यावर परत आली.

“बाबा, रविवारी निघू ना? हो की नाही, एकदाच सांगा.”

बाबांनी फाटलेली जागा वर राहील अशी कागदाची घडी घातली आणि तिच्या हातात दिली.

“मला कशाला विचारतीस, बाय? तिला विचार.”