शेठजींचे मुसके

एकदा एक कापडाचा व्यापारी होता. अंगाने इतका भरलेला, की त्याला येताना पाहून त्याचाच घोडा लंगडण्याचे सोंग करी. खोटे वाटत असेल तर घोड्याला विचारा! पण हसण्यावारी नेण्याचे दिवस सरले होते. वैशाखात एकुलत्या लेकीचे लग्न, आणि शेठजी पाटावर बसले की उठवायला तिघे लागत. लेक हळूच म्हणाली, "बाबा, कन्यादानाला काकांना बसवू का?" ते त्यांच्या काळजाला लागले.

उपाय का कमी झाले? ताकावर राहिले, निर्जळी एकादशा धरल्या. उपास सुटला की मात्र बासुंदीचे पातेले गाठत. वजन जाई आणि येताना पाहुणे घेऊन येई.

शेवटी ते गावाबाहेरच्या एका वृद्ध साधूला शरण गेले. "महाराज, याहून कडक उपास सांगा."

साधू खळ्यावर ज्वारीची मळणी करत होता. बैलाच्या तोंडाला बांधायचे जाळीचे मुसके त्याने पुढे केले. "बांधा."

"मला?"

"नको? मग याला." त्याने मुसके तांबड्या बैलाला बांधले; जोडीचा पांढरा मोकळाच ठेवला. हे औषध की थट्टा, शेठजींना उमजेना. विचारावे तर म्हातारा त्यांनाच बैलांमागे फिरवू लागला!

पांढरा जाता-येता एखादे कणीस उचली, चघळत पुढे चाले. दिवस कलल्यावर मुसके सोडले, तसा तांबडा शिंगांपर्यंत राशीत घुसला. पांढरा राशीकडे पाठ करून निवांत रवंथ करत होता.

शेठजी पुरते गोंधळले. "अहो, दिवसभर खाल्ले पांढऱ्याने, आणि हावरा झाला तांबडा?"

"मुसके भूक मारत नाही शेठजी, साठवते. तुमचा उपास हे मुसके, पारणे ही रास. तोंड बांधू नका. वेळेवर भाजी-भाकरी, वरणभात जेवा, सणाला वाटीभर बासुंदीही घ्या. पोटात थोडी जागा ठेवून उठा, आणि आज फिरलात तसे रोज फिरा. सावकाश उतरेल, तेच टिकेल."

"मग उपास कधी करू?"

"आधी जेवायला तर शिका!"

वैशाखात शेठजी सडपातळ दिसले असे घोडाही म्हणणार नाही. पण कन्यादान करून ते पाटावरून आपले आपण उठले. लेकीने डोळे पुसले. पंगतीत व्याह्यांनी बासुंदीचे भांडे पुढे केले, "घ्या हो, आज नाही म्हणायचे नाही!"

शेठजींनी नुकत्याच खाऊन रिकाम्या केलेल्या वाटीवर आडवा हात धरला. "नाही कुठे म्हणतो? पुरे म्हणतो."