उपाशी पोरीची परीक्षा

दुष्काळात दिवाण राजाला म्हणाले, "खडी फोडणाऱ्यांची पोरं जन्माचीच मठ्ठ. त्यांना शाळा कशाला?" पुराव्यादाखल त्यांनी आपला लेक आणि खडी फोडणाऱ्या गोदाक्काची पोर शेवंता, दोघांना एकच नवा श्लोक ऐकवला. लेकानं घडाघडा म्हटला. शेवंता दुसऱ्याच ओळीला अडखळली.

"बघितलंस, गोदे?"

"बघितलं. उद्या पुन्हा घ्या परीक्षा. फक्त आज माझी पोर तुमच्या ताटावर जेवेल नि तुमचा लेक आमच्या पालात उपाशी निजेल. बाकी सगळं तेच ठेवा."

"उपाशी? मरेल की पोर माझं!"

"एका रात्रीत मरत नाही, दिवाणसाहेब. माझी परवापासून जेवली नाही. तरी एक ओळ म्हणालीच ना?"

राजानं मान खाली घातली. शेवंताला शाळेचं दार उघडलं. धान्याच्या कोठाराचं कुलूप मात्र तसंच राहिलं.