पाठीवरची माती

“त्याच्यात असं काय हाय, वस्ताद, जे माझ्यात न्हाई?”

“दोन गुडघे,” वस्ताद म्हणाले.

आणि सुपारी कातरत राहिले.

विचारणारा रंगराव खोत. वय छत्तीस. उजव्या गुडघ्याची दोन ऑपरेशनं, डाव्या खांद्याचं एक, तिन्ही मिरजेला. शेवटचं गेल्या जत्रेच्या चार दिवस आधी झालं. त्यानंतर वर्षभर तो तालमीकडे फिरकला नाही. फिरकला तो थेट या वर्षीच्या जत्रेच्या आठवडाभर आधी, आणि आल्या आल्या एक नंबरची कुस्ती मागायला बसला.

बाबालाल वस्तादांची तालीम वारणेच्या काठावर आहे. दार इतकं बुटकं की भल्या भल्या पैलवानाला मान वाकवूनच आत जावं लागतं. मीही कधीकाळी तिथेच माती खाल्ली. कुस्ती काही जमली नाही, पण सकाळची थंडाई सुटली नाही. म्हणून त्या दिवशीही पायरीवर बसलो होतो. जे पाहिलं आणि ऐकलं तेवढंच सांगतो.

जत्रेच्या मैदानात शेवटची आणि सर्वांत मोठी कुस्ती ती एक नंबरची. तिच्यासाठी आमच्या तालमीतून एकच नाव जातं. सोळा वर्षं ते नाव रंगाचं होतं. गेल्या वर्षी सुदर्शन चौगुलेचं गेलं. या वर्षीचं नाव न्यायला यात्रा कमिटीचा माणूस बारा वाजता यायचा होता, कारण पोस्टर छापायचं होतं.

आणि तालमीची एक जुनी चाल आहे. त्या एका कुस्तीच्या आधी वस्ताद स्वतः मैदानात उतरतात, मूठभर माती उचलतात आणि आपल्या पैलवानाच्या पाठीला चोळतात. इतर कुणाच्या पाठीला ते हात लावत नाहीत.

“सोळा वर्सं माझ्या पाठीला माती लावलीसा,” रंगा म्हणाला. “गेल्या साली त्याच्या पाठीला लावलीसा. मी खाटेवर पडून मोबाईलवर बघितलं.”

“बघितलंस?”

“त्याच्या पाठीवर चार बोटं आन् अंगठा. समदं बघितलं.”

“कुस्ती कशी झाली?”

“मोबाईल बंद केला मी.”

वस्तादांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

आत लाल मातीच्या हौद्याच्या, म्हणजे आखाड्याच्या, कडेला सुदर्शन बैठका मारत होता. बावीस वर्षांचा गडी. उठत होता, बसत होता, गुडघ्यांचा आवाज नाही. रंगा त्याच्याकडे बघत होता, समोरच्या हॉटेलातली गर्दी आपल्या रिकाम्या बाकांवरून बघणाऱ्या हॉटेलवाल्यासारखा. आणि गंमत म्हणजे या सुदर्शनला लंगोट कसायला शिकवलं ते रंगानेच. तेरा वर्षांचा होता तेव्हा.

“माझी खुंटी त्यानं घेतली,” रंगा म्हणाला.

“मी दिली.”

“का?”

“लंगोट वाळत घालाय.”

“चेष्टा करू नगा, वस्ताद. मला त्यो बघवत न्हाई.”

“त्यानं काय केलं?”

“कायबी केलं न्हाई! त्येच तर...”

एवढं बोलून त्याचा आवाज फुटला. हेवा माझ्या ओळखीचा आहे. मी स्वतः याच रंगाचा सोळा वर्षं हेवा केला. म्हणून मला त्याची दया यायला हवी होती. पण खरं सांगतो, जरा बरंच वाटलं.

रंगा उठला. उठताना हात भिंतीला टेकला आणि लगेच काढून घेतला.

“आत्ता जोर लावा आमचा. त्याला पाडला तर नाव माझं.”

“बरं,” वस्ताद म्हणाले.

इतकं सहज म्हणाले की रंगाच गोंधळला.

“बोली झाली?”

“झाली. पाय हिकडं कर.”

त्यांनी चुलीवर तेलात हळद गरम केली. बहात्तर वर्षांचा माणूस शिष्याच्या पायाशी बसला. रंगाने संकोचाने पाय मागे घेतला, वस्तादांनी ओढून पुढे आणला. अर्ध्या मांडीपासून पोटरीपर्यंत सगळा उजवा पाय त्यांनी जाड लेपाने पिवळा करून टाकला. गुडघ्यावरचे टाक्यांचे व्रण लेपाखाली गेले.

“दुखतंय?”

“डाक्टरनं पास केलंय.”

“मी डाक्टरला इचारलं न्हाई.”

“दुखत न्हाई, वस्ताद.”

वस्तादांनी हात पुसले. लेप सुकू दिला.

आमच्या तालमीत जोर लावण्याआधी, म्हणजे सरावाची कुस्ती धरण्याआधी, वस्ताद दोघांना एक प्रश्न विचारतात. ज्याचं जे अंग दुखरं असेल त्याने ते सांगायचं. मग समोरचा त्या अंगाला हात लावत नाही. मैदानात ही सवलत नसते, तालमीत असते.

“दुखरं कुठं?”

“कुठं न्हाई,” सुदर्शन म्हणाला.

“कुठं न्हाई!” रंगा म्हणाला, जरा जास्तच मोठ्याने.

दोघे हौद्यात उतरले. सुदर्शनने वाकून माती घेतली आणि रंगाच्या खांद्यांना, दंडांना नीट लावली. रंगाने त्याच्या अंगावर माती भिरकावली.

मग खडाखडी झाली, हाताला हात लावून एकमेकाचा अंदाज घेणं. सुदर्शनचं सगळं नाव त्याच्या पटावर आहे. विजेसारखा खाली जातो, समोरच्याची मांडी धरतो, आणि समोरचा आभाळ बघतो. रंगाला हे माझ्याइतकंच माहीत होतं. तो पहिली पाच मिनिटं कमरेत वाकून, पाय मागे ठेवून राहिला. नंतर त्याला हुरूप आला. मानेला मान भिडली. दम लागला होता, पण हटत नव्हता. पंधराव्या मिनिटाला त्याने सुदर्शनला बगलेत घेतलं आणि आपली जुनी ढाक मारली. अख्ख्या मैदानाला उभं करणारी ती ढाक. सुदर्शन वरून गेला आणि पाठीवर पडला. दोन्ही खांदे मातीला.

रंगाने दोन्ही हात वर केले. डावा कानापर्यंतच गेला.

“बघितलंसा, वस्ताद? बघितलंसा?”

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मीसुद्धा पायरीवरून उठलो होतो, खोटं कशाला बोलू.

वस्ताद हौद्याच्या काठाशी आले.

“सुदर्शन, हात दाव.”

सुदर्शनने उठून बसत दोन्ही तळवे पुढे केले. तांबडेलाल. पिवळ्याचा ठिपकासुद्धा नव्हता.

“रंगा, तुझा पाय बघ.”

रंगाने खाली पाहिलं. मान, खांदे, छाती, कंबर, सगळीकडे बोटांचे ओरखडे. उजव्या पायावर लेप तसाच. गुडघ्यापाशी तडे गेले होते, माती चिकटली होती, पण बोट एकही उमटलं नव्हतं.

त्याचे हात हळूहळू खाली आले.

“पट का न्हाई काढलास?” त्याने सुदर्शनला विचारलं.

सुदर्शनने तळवे मांडीला पुसले.

“पंधरा मिन्टात एकदाबी न्हाई? का?”

“तुमचं दुखतंय, दादा.”

“कोण म्हणालं? माझं दुखरं मी सांगनार! मी कुठं न्हाई म्हणून सांगितलं!”

“हौद्यात उतरताना डावा पाय आदी टाकलासा.”

रंगाने उजवा पाय मागे ओढला.

“उजवा आदी टाकायचा,” सुदर्शन खाली मान घालून म्हणाला, “तुमीच शिकवलंय.”

हरलेला रंगा मी दोन-तीनदा पाहिला होता. हरल्यावर तो जेवायचा आणि झोपायचा. जिंकून असा झालेला रंगा मी पहिल्यांदा पाहिला. एखाद्याचा राग राग करायचा तर त्याचं काहीतरी वाकडं सापडावं लागतं. ते पोरगं तेवढंही सापडू देत नव्हतं.

वस्ताद परत जागेवर जाऊन बसले.

“बारा वाजाय आलं. नाव सांग.”

“कुनाचं?”

“बोली ती बोली. तू पाडलास. नाव तुझं म्हणशील तर तुझं.”

रंगाने घसा खाकरला.

“रंगराव खोत,” तो म्हणाला.

“बरं,” वस्ताद म्हणाले. आणि अडकित्ता उचलला.

त्यांनी आणखी एक तरी शब्द बोलायला हवा होता. शिवी घालायला हवी होती. त्यांनी सुपारी कातरली.

कट्... कट्...

सुदर्शन उठला, खुंटीवरचा आपला पंचा काढून खांद्यावर टाकला. वाळत घातलेला लंगोटही घेतला. खुंटी मोकळी केली. रंगाला ते सहन झालं नाही.

“थांब रं. तुला राग येत न्हाई व्हय?”

“येतोय की.”

“मग बोल की! का देवमाणूस हाईस तू?”

“लई राग येतोय, दादा.” सुदर्शन दारात थांबला. पहिल्यांदाच त्याने मान वर केली. “वरीसभर येतोय. गेल्या साली मैदानात वस्तादांनी माती लावली माझ्या पाठीला. हात माझ्या पाठीवर, आन् कानात काय म्हणले ठाव हाय? ‘रंगासारका उतर.’ सोळा वर्सं तुमीच हुतासा. माझ्या वक्तालाबी तुमीच! तुमी खाटेवर, आन् मैदानात तुमीच!”

तालमीत आवाज घुमला आणि थांबला.

रंगाने वस्तादांकडे पाहिलं. वस्ताद सुपारीत काहीतरी शोधत होते.

“म्हणलासा असं?”

“मोबाईल बंद केलास तू,” वस्ताद म्हणाले.

रंगा हौद्याच्या काठावर बसला. बसायला त्याला वेळ लागला. उजवा पाय आधी हाताने धरून सरळ करावा लागला. या वेळी त्याने ते लपवलं नाही. बराच वेळ तो लेपाच्या खपल्या नखाने काढत राहिला. खालचे व्रण एकेक उघडे पडत गेले.

बाहेर मोटारसायकल थांबली. कमिटीचा माणूस वाकून आत आला आणि कागद-पेन काढून उभा राहिला. नमस्कार-चमत्कार झाले.

“नाव सांगा, वस्ताद.”

वस्तादांनी अडकित्त्याने रंगाकडे दाखवलं.

रंगाने माणसाकडे पाहिलं. खुंटीकडे पाहिलं. मग दारातल्या सुदर्शनकडे.

“लिवा...” तो म्हणाला. “सुदर्शन चौगुले.”

माणसाने लिहून घेतलं. त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही. थंडाई घेऊन तो निघून गेला.

सुदर्शन हौद्यापाशी आला, रंगाच्या पायाला हात लावायला वाकला. रंगाने त्याला मध्येच थांबवलं.

“पाया पडू नगंस. माझा राग गेल्याला न्हाई अजून.”

“माझाबी,” सुदर्शन म्हणाला.

दोघे तिथेच राहिले, एक बसून, एक उभा.

“वस्ताद,” रंगा म्हणाला. आवाज एकदम बारीक झाला होता, सोळा-सतरा वर्षांच्या पोरासारखा. “नाव दिलं. खुंटीबी राहू दे त्याची. पर पाठीवरची ती माती... ती तेवढी माझी हुती.”

वस्ताद उठले. काठाशी येऊन वाकले आणि हौद्यातली मूठभर माती उचलली. रंगाचा हात हातात घेतला. मूठ घट्ट होती. एकेक बोट उघडून त्यांनी ती माती त्याच्या तळहातावर ठेवली. मग सुदर्शनला खांद्याला धरून फिरवलं, पाठ रंगाकडे होईल असं.

रंगाचा हात तसाच हवेत राहिला.

“माझी तरी कुठं हुती, रंगा? मलाबी अशीच हातावर मिळाली हुती,” वस्ताद म्हणाले.