हौद्यातल्या फळ्या

सांगलीजवळच्या एका गावात एकदा एक हळदीचा व्यापारी वडिलांच्या काळातली पिकअप घेऊन वृद्ध सुतार केरबामिस्त्रींच्या दारात आला. इंजिन ठणठणीत होते, पत्राही रंगवून झाला होता; हौद्याचे लाकूड मात्र पार कुजले होते. मिस्त्रींनी हे काम आपला शिष्य बळवंत याच्यावर सोपवले आणि सर्वांसमक्ष सांगितले, "हे नीट उतरलं, की अक्षय्य तृतीयेला कारखाना बळवंताचा."

बळवंत सोळा वर्षे त्यांच्या हाताखाली होता. देव्हारे आणि कपाटे करण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. चैत्राच्या उन्हात वाळलेल्या सागवानाच्या आठ फळ्या त्याने रंधा मारून गुळगुळीत करून घेतल्या आणि लोखंडी चौकटीत एकमेकींना अशा भिडवून बोल्टांनी आवळल्या, की मधून केसही जाऊ नये. त्याची छाती फुगली. ती फुगणे साहजिकच होते, कारण काम खरोखर देखणे होते.

मिस्त्रींनी फळ्यांवरून हात फिरवला, "देखणं झालंय," म्हणाले, आणि ओली गोणपाटे आणून सगळ्या हौद्यावर अंथरली. चार दिवस ते स्वतः त्यांवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारत होते. म्हाताऱ्याला चळ लागला, असे शिष्याला वाटले; पण गुरूला जाब कसा विचारायचा?

पाचव्या दिवशी गोणपाटे काढली. फळ्या मधोमध वर उचलल्या जाऊन हौद्याला पोट सुटले होते आणि दोन बोल्ट वाकले होते. बळवंतचे डोळे भरून आले.

"अण्णा, कारखाना द्यायचा नव्हता तर तसं सांगायचं. काम का नासवलंत?"

"बस असा," मिस्त्री म्हणाले. "मी फक्त आषाढाला तीन महिने आधी बोलावलं. हेच पुढं पोत्यांखाली झालं असतं, तर नाव तुझं गेलं असतं. देव्हारा घरात राहतो, हौदा उघड्यावर. लाकूड झाडावरनं उतरलं तरी पाणी प्यायचं विसरत न्हाई. प्यालं की फुगतं, आणि फुगायला जागा नसली की शेजारच्याला ढकलतं. म्हणून दोन फळ्यांत रुपयाचं नाणं उभं राहील एवढी जागा सोडायची. लोक तिला फट म्हणतात. मी वाव म्हणतो."

"हे आधी सांगायचं होतं."

"सांगितलं होतं. तुझं लक्ष केसाकडं होतं."

बळवंतने फळ्या सोडवल्या, सावलीत वाळवल्या, कडांवर रंधा मारला आणि वाव ठेवून पुन्हा बसवल्या. व्यापारी गाडी न्यायला आला आणि वाकून बघू लागला.

"मिस्त्री, फटी राहिल्यात की."

मिस्त्रींनी बळवंतकडे बोट दाखवले. बळवंत शांतपणे म्हणाला, "राहिल्या न्हाईत, ठेवल्यात. पावसाळ्यात येऊन बघा." व्यापाऱ्याने मान डोलावली आणि गाडी नेली.

अक्षय्य तृतीयेला मिस्त्रींनी कारखान्याची किल्ली बळवंतच्या हातात दिली आणि पंचा खांद्यावर टाकला.

"अण्णा, उद्या कधी येताय? तुमची जागा तुमचीच आहे."

"येणार न्हाई."

बळवंतचा चेहरा उतरला. "माझं काही चुकलं?"

"न्हाई रे. मी रोज इथं बसलो, तर तू विचारत राहशील आणि मी सांगत राहीन. सोळा वर्षं आपण दोघं अगदी भिडून बसलोय. आता तुझा पावसाळा सुरू होणार."

बळवंतला कळले. त्याने वाकून नमस्कार केला आणि त्यांना थांबवले नाही.