ठकूचा खोकला आणि वैद्यांचे पागोटे

त्या वर्षी फाल्गुनात श्री तुळसनाथ महाराज कानडखेडच्या मारुतीच्या देवळात उतरले होते. कुणी म्हणे चार दिवस राहतील, कुणी म्हणे चातुर्मास इथेच करतील. महाराज काहीच म्हणत नव्हते. पळसाची पाने पुढ्यात घेऊन ते पत्रावळ्या टाचत बसत आणि लोक आपापली गाऱ्हाणी सांगत. तोंडाकडे न बघता ऐकणारा भेटला की माणसे जरा जास्त खरे बोलतात, हे महाराजांना पक्के ठाऊक असावे.

त्याच गावात सगुणा कासारीण राहत असे. नवरा बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरे. घरी ती, नवऱ्याची म्हातारी आत्या गोदूबाई आणि अडीच वर्षांची लेक ठकू. सगुणा रोज सकाळी देवळाची पायरी झाडी, लांबूनच हात जोडी आणि परत जाई. महाराजांपुढे बसून काही मागावे, असे तिच्या मनातही आले नव्हते.

पण माघात ठकूला जो खोकला लागला, तो फाल्गुनातही सुटेना. खोकल्याचे एक असते, त्यावरचा उपाय माहीत नाही असा माणूस गावात शोधून सापडत नाही. मोजून सतरा जणांनी सगुणेला औषध सांगितले. अडुळसा झाला, ज्येष्ठमध झाला, मधातली सुंठ झाली. एकीने गळ्यात लसणीची माळ घालायला लावली. त्याने पोरीच्या अंगाला लसणीचा वास तेवढा लागला.

अठरावे विसाजीपंत वैद्य. पंतांच्या पणजोबांनी कुण्या सरदाराची नाडी पाहिली होती आणि ती हकीकत पंत रोग्याला औषधाच्या आधी पाजत. त्यांनी उंबऱ्याबाहेर उभे राहूनच ठकूचा खोकला ऐकला आणि निकाल दिला, "डांग्या खोकला. पसरतो. पोरेबाळे दूर ठेवा." झाले! दुसऱ्या दिवसापासून सगुणेच्या ओट्यावर बांगड्या भरायला एक बाई फिरकेना. पंतांचे काढेही हरले, तेव्हा पंत म्हणाले, "आता डागच. उद्या सकाळी विळा तापवून ठेव. छातीवर तीन. रडेल, पण खोकला पळेल."

लेकीला कडेवर घेऊन सगुणा तशीच देवळात आली. मागोमाग गोदूआत्या, आणि त्यांच्या मागे गंमत बघायला खुद्द पंत.

"महाराज, उद्या हिला डागणार," एवढेच तिला बोलता आले.

"खोकला कशाचा?" पान टाचता टाचता महाराजांनी विचारले.

"डांग्या," पंत म्हणाले.

"दाढा येताहेत तिला," गोदूआत्या म्हणाली.

"गारठा भरलाय छातीत," पुजाऱ्याने गाभाऱ्यातून भर घातली.

"कशाचा ते सगळ्यांना ठाऊक आहे," महाराज म्हणाले. "कधीपासूनचा, ते कोण सांगेल?"

आत्या म्हणाली, माघी पौर्णिमेपासून. सगुणा म्हणाली, नाही, चार-सहा दिवस आधीपासून. नक्की कुणालाच सांगता येईना. पंत मोठ्याने हसले.

"तिथीवरून रोग कळता, तर मी पंचांगच उगाळून पाजले असते की! सगुणे, तुझे महाराज पत्रावळी झकास टाचतात. तेवढेच करू दे त्यांना."

महाराजांनी पान खाली ठेवले आणि ठकूला जवळ ओढले. तिच्या पाठीला त्यांनी कान लावला. डावीकडे थोडा वेळ, उजवीकडे बराच वेळ.

"सगुणा, ही हसली की खोकते ना? आणि उजव्या कुशीवर निजली की छातीत शीळ वाजते."

"होय महाराज! पण हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं."

"तुला कुणी विचारलं नसेल. डाव्या अंगाला वारा खेळतोय, उजवीकडे कुणी दार लोटून घेतलंय. हिचं बोरन्हाण कधी केलंत?"

गोदूआत्याचा चेहरा खुलला. "रथसप्तमीला! अंगभर हलव्याचे दागिने घातले. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओतले. पोरं तुटून पडली वेचायला. हीसुद्धा खाली बसून तोंडात कोंबत होती."

"तेव्हा खोकत होती?"

"छे हो! तेव्हा तर आम्हीच सगळ्या खोकत होतो. हिला एकाएकी ठसका लागला, डोळे पांढरे केले. म्हटलं, नटलेली पोर, दृष्ट लागली कुणाची. लागलीच मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. असा धूर झाला म्हणता! घरात तेरा बायका, अन् तेराही खोकताहेत. मग मी निर्धास्त झाले. दृष्ट असती तर मिरचीचा ठसका उठलाच नसता."

"आणि पोर?"

"तीही खोकत होती. आमच्या सगळ्यांच्या बरोबरच..." बोलता बोलता आत्या थांबली आणि तिने पदर तोंडाला लावला.

"धूर गेला, तेरा जणींचा खोकला गेला," महाराज म्हणाले. "चौदावा मागे राहिला. तो कुणी मोजलाच नाही. बोराची आठोळी आहे पोरीच्या छातीत."

"आठोळी!" पंतांना हसू आवरेना. "अहो, खाल्लेले पोटात जाते की छातीत? हा शोध तर आमच्या पणजोबांनाही लागला नाही!"

पंतांचे ते गदगदणारे पोट पाहून ठकूही खुदकन हसली. हसली आणि खोकली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा तोंड उघडले, पण आवाजच आला नाही. डोळे ताणले गेले, ओठ जांभळे पडू लागले. पंतांनी झटकन मनगट धरले. बोटे इकडे फिरली, तिकडे फिरली. सरदाराची नाडी सापडली असेल. या पोरीची काही सापडेना.

"महाराज, तुमचीच आहे ही," म्हणत सगुणेने लेक त्यांच्या मांडीवर ठेवली.

महाराजांनी तिला पालथी घेतली, डोके खाली केले, पाठीवर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. तेव्हा लोकांनी पाहिले की महाराजांचाच श्वास थांबला आहे. मानेच्या शिरा टरारल्या. ठकूचे ओठ उजळत चालले आणि महाराजांचा चेहरा काळवंडत चालला. "नारायणा!" म्हणून त्यांनी पाठीवर एक थाप दिली. दोघेही एकदमच खोकले आणि समोरच्या पळसाच्या पानावर टक्कन काहीतरी पडले.

बोराची आठोळी!

ती कुणाच्या मुखातून पडली, यावर कानडखेडात आजही दोन पक्ष आहेत. आपण कशाला भांडावे? पानावर आठोळी होती आणि पोरीने टाहो फोडला होता, एवढ्यावर दोन्ही पक्षांचे एकमत आहे. आणि काय तो टाहो! एकेचाळीस दिवसांनी आईच्या कानांवर लेकीचे धड रडणे पडले. सगुणा भिंतीला टेकून मटकन बसली आणि रडता रडता हसू लागली. गोदूआत्या मारुतीला सोडून महाराजांनाच प्रदक्षिणा घालत सुटली.

पंत तेवढे जागच्या जागी उभे होते. "महाराज," ते म्हणाले, "उद्या मी या लेकराला डागले असते."

"इकडे या पंत," महाराज म्हणाले. "कान लावून बघा."

पंत गुडघ्यांवर बसले. अडीच वर्षांच्या पोरीच्या पाठीला कान लावायचा म्हणजे किती वाकावे लागते! पागोटे सुटून खाली पडले, तरी पंतांनी डोके वर केले नाही. डावीकडे वारा होता. उजवीकडेही वारा होता. त्यांच्या मिशांच्या गुदगुल्या होऊन ठकू खुदखुदून हसली, आणि सगुणेने सवयीने श्वास रोखून धरला.

खोकला आला नाही.

पंत तसेच वळले आणि त्यांनी महाराजांच्या पायांवर मस्तक ठेवले. शेवटी महाराजच हळूच म्हणाले, "उठा पंत, पागोटं सांभाळा आधी. पोरगी त्यात जाऊन बसलीये."