सहाहात्या आणि पाहुण्यांचं गोल घर

एका पेशीत एक सहा हातांचा रेणू राहत होता. पेशी म्हणजे गावच म्हणा, फक्त मोहरीच्या एका दाण्यात अशी लाखभर गावं मावतील एवढं बारकं. रेणू त्याहून किती बारका, ते विचारूच नका. गाव त्याला सहाहात्या म्हणे.

गावातली मोठी कामं सगळी थोराड अंगाच्या प्रथिनांची. सहाहात्याला हाक यायची ती एवढीच, "ए सहाहात्या, जरा धर रे इथे!" तो धरायचा. काम झालं की त्याचं नाव कुणी काढत नसे. त्याला याचं फार वाईट वाटायचं.

गावाच्या पोथीवरून, म्हणजे डीएनएवरून, उतरवलेल्या कामाच्या चिठ्ठ्या दुरुस्त करणारे एक कारकून आजोबा त्याची समजूत घालायचे. "अरे, माझ्या पोटात तुझा भाऊ बसलाय म्हणून मी ताठ आहे. तो उठला तर मी कोलमडेन."

"पण ते दिसतं कुठे, आजोबा?" सहाहात्या म्हणायचा.

एकदा काय झालं, बाहेरून आलेली एक चिठ्ठी गुपचूप गावाच्या पोथीत शिवली गेली. अशी चिठ्ठी धाडणाऱ्या विषाणूला शहाणे लोक रेट्रोव्हायरस म्हणतात. पण गाव पोथीपुढे भोळं. पोथीत आहे म्हणजे आपलंच असणार, असं म्हणून गावातल्या प्रथिनं घडवणाऱ्या कारखान्याने चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे नवी मंडळी घडवायला घेतली. गाव त्यांना पाहुणे म्हणू लागलं.

पाहुणे वेशीच्या भिंतीपाशी जमले. त्यांना एकमेकांना धरून गोल घर करायचं होतं. विटाही तेच आणि गवंडीही तेच. सहा-सहा जणांनी कडं करायचं, कड्याला कडं जोडायचं. पण कडं काही टिकेना. सगळ्यांचा स्वभाव, म्हणजे अंगातला विजेचा भार, एकसारखा, त्यामुळे जवळ आले की एकमेकांना ढकलत.

सहाहात्या ते बघत बसे. हे का ढकलतात? नेमकं कुठे ढकलतात? त्याला चैन पडेना. शेवटी त्याच्या ध्यानात आलं. ढकलाढकली मधल्या पोकळीत होती. तिथे उलट्या स्वभावाचा कुणीतरी हवा, प्रत्येकाला एकेक हात देणारा. म्हणजे सहा हातांचा, थेट आपल्यासारखा!

पाहुण्यांच्या म्होरक्याने त्याला हेरलं. "या रावसाहेब! तुमच्यावाचून अडलंय सगळं."

रावसाहेब! झालं, सहाहात्या हरभऱ्याच्या झाडावर चढला.

कारकून आजोबा धापा टाकत आले. "घर कसं उभं राहील हे शोधलंस, शाबास. पण त्यात काय ठेवणार आहेत, ते विचारलंस का? आयत्या बिळावरचे नागोबा दिसतात मला हे."

"ते मग बघू, आजोबा. आधी कडं बसतंय का ते तर बघू द्या!"

तो मधे शिरला आणि सहा जणांना सहा हात दिले. कडं जे बसलं ते हललंच नाही. इतका आनंद त्याला जन्मात झाला नव्हता. हौसेने त्याने आपल्या भावांनाही बोलावलं. कड्याला कडं लागत गेलं आणि गोल घर चहूबाजूंनी बंद झालं.

मग त्याने आत पाहिलं. आत गुंडाळून ठेवली होती पोथीत शिवलेल्या त्याच चिठ्ठीची नक्कल.

"ही कुणासाठी?" त्याने विचारलं.

"पुढच्या गावासाठी," म्होरक्या म्हणाला.

"आणि माझं गाव?"

"त्याचं आता काय उरलंय?"

वेशीच्या भिंतीचा लचका तोडून घर बाहेर पडलं. मागे गाव पाहुणे घडवून घडवून पार थकून बसलं होतं. सहाहात्याने हात सोडवायचा प्रयत्न केला, पण सहाही हात गच्च अडकले होते.

पुढच्या गावाच्या वेशीवर तिथलाही एक सहाहात्या उभा होता. डोळे मोठे करून तो म्हणाला, "वा! हे घर उभं कसं राहिलं असेल?"

आतून आपला सहाहात्या जिवाच्या आकांताने ओरडला, "नुसतं कसं विचारू नकोस रे! कशासाठी ते विचार!"

बाहेर काहीच ऐकू गेलं नाही. भिंत फार पक्की होती, आणि ती त्यानेच पक्की केली होती.

तात्पर्य: 'कसं?' हे जरूर विचारावं; पण हात देण्याआधी 'कशासाठी?' हेही विचारावं.