करंजेलाचा तोरा

"या उष्ट्यासोबत मी एका पिंपात जाणार नाही," करंजेल म्हणालं. "हे वडे तळून आलंय. माझा जन्म थेट करंजाच्या झाडावरच्या बियांतला."

"मग काल साबण कुणाचा झाला रे?" तळणीच्या तेलानं चिमटा काढला.

माणसं तेलाचं डिझेल करायला नुकती शिकली होती, तेव्हाची ही गोष्ट. तेलात पाणी राहिलं की डिझेलऐवजी साबण होतो, म्हणून प्रत्येक तेल आधी कढईत तापवायची रीत होती. पण काल म्हातारी कढई करंजेलाच्या कुळाला भुलली आणि तिनं त्याला न तापवताच सोडलं. सगळा घाणा नासला, नदीवरची लाँच डिझेलवाचून धक्क्यालाच अडकली. आज पुन्हा नासला तर कढईची रवानगी भंगारात होणार होती.

तिनं दोघांचा एकेक थेंब आपल्या तापल्या काठावर घेतला. तळणीचा निवांत पसरला. करंजेलाचा तडतड उडाला; झाकण काढून ते दमट हवेत मिरवत होतं ना.

"हे आमच्या घराण्याचं तेज," करंजेल म्हणालं.

"इंजिनाला तुझ्याशी सोयरीक करायची नाही," कढई म्हणाली, "तेव्हा कूळ ठेव बाजूला आणि पाणी आटेपर्यंत माझ्यात गुमान बस."